पशुपतिनाथाची वाटखर्ची



गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि उठता उठता नेपाळच्या सहलीचा विषय निघाला. तीन गटांतल्या मिळून आम्ही चाळीस जणी. कुणाला पशुपतिनाथ बघायचाय, कुणाला बुद्धाचं जन्मस्थान लुंबिनी. एका बसने दोन्ही होतं, म्हणून दिवाळीनंतर निघायचं ठरलं होतं. पण शिमग्याला बसवाल्याने सांगितलेला दर गौरी-गणपतीपर्यंत टिकला नाही. माणशी दीड हजार वाढले. "डिझेल वाढलंय ताई," एवढंच तो म्हणाला. दोघी म्हणाल्या, गटातून कर्ज काढू. तिघी म्हणाल्या, आमची नावं खोडा. तेव्हा आमच्यातली सगळ्यांत थोरली आजी बोलली, "मोटार नव्हती तेव्हाही माणसं जातच होती की. त्यांना काय फुकट पडत होतं?"

आजीच्या प्रश्नाचा माग काढताना आम्हाला जे समजलं, ते आज सांगतो.

१८४६ ते १९५१ अशी शंभरावर वर्षं नेपाळात राणा घराण्याची सत्ता होती. काठमांडूच्या खोऱ्यात बाहेरच्या माणसाला सहज शिरता येत नसे. परवाना लागे. महाशिवरात्रीच्या दिवसांत मात्र हिंदुस्थानातल्या यात्रेकरूंना पशुपतिनाथासाठी वाट मोकळी होई. १९२७ साली बिहारच्या रक्सौलपासून नेपाळातल्या अमलेखगंजपर्यंत छोटी रेल्वे सुरू झाली. अमलेखगंज हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तिथून भीमफेदीपर्यंत मोटारीचा रस्ता होता. भीमफेदीला रस्ता संपे आणि चढ सुरू होई. चिसापानी गढी आणि चंद्रागिरीची खिंड पायी ओलांडून माणसं खोऱ्यात उतरत. ऐपतवाले डोलीत बसत, बाकीचे काठी टेकत. काठमांडूच्या श्रीमंतांच्या मोटारीसुद्धा याच डोंगरातून हमालांनी खांद्यावर वाहून नेल्या. आत गाडी धावत होती, पण आत जायला गाडीरस्ता नव्हता.

म्हणजे आजीचं खरं होतं. फुकट कधीच नव्हतं. तिकिटाचे पैसे कमी लागत, पण दिवस जास्त लागत. आणि एकेक दिवस म्हणजे शिधा, मुक्काम, पायांचे फोड, आणि घरी राहिलेल्या बाईवर पडलेलं दुप्पट काम.

३१ जुलै १९५० ला भारत आणि नेपाळ यांच्यात मैत्रीचा करार झाला. आजही आपल्याला तिकडे जायला व्हिसा लागत नाही, त्याचा आधार हा करार. पुढे भारतीय लष्कराच्या अभियंत्यांनी डोंगर फोडून काठमांडूपर्यंत रस्ता नेला. राजा त्रिभुवन यांच्या नावाचा हा राजपथ १९५६ साली तयार झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली, आणि नोव्हेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. आमच्यातल्या ज्या जणी लुंबिनीसाठी पैसे साठवतायत, त्यांच्यासाठी ही साधी सहल नाही, ते यावरून कळावं.

रस्ता झाला म्हणून वाट कायमची मोकळी झाली का? नाही. मार्च १९८९ मध्ये दोन देशांचे व्यापाराचे करार संपले, नवे जुळले नाहीत, आणि भारताने दोन सोडून बाकीची व्यापारी नाकी बंद केली. नेपाळात रॉकेलसुद्धा मिळेना. २०१५ च्या एप्रिलमध्ये मोठा भूकंप झाला. त्यातून देश सावरत होता, तोच सप्टेंबरमध्ये नव्या संविधानावरून सीमेलगतच्या तराई भागात आंदोलन पेटलं आणि नाक्यांवर ट्रक अडकले. भारताने अडवले असं नेपाळ म्हणत होतं, भारत ते नाकारत होता. काही महिने इंधनाची टंचाई राहिली. स्वयंपाकाच्या गॅसचं सिलिंडर अर्धं भरून वाटायची वेळ आली, बायका पुन्हा चुलीकडे वळल्या. भांडण राजधानीत झालं, धूर स्वयंपाकघरात गेला.

सप्टेंबर २०१९ मध्ये बिहारच्या मोतिहारीपासून ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली. ती कुठे जाते? अमलेखगंजला! जिथे आगगाडीतून यात्रेकरू उतरायचे, तिथे आता नळातून डिझेल उतरतं.

आता आपल्या बसच्या डिझेलकडे येऊ. आपल्याकडे १६ जून २०१७ पासून पेट्रोल-डिझेलचा दर रोज ठरवायची पद्धत आली. म्हणून सहा महिने आधीचा आकडा कुणी छातीठोक देत नाही, हे आम्हाला पटलं. पण दीड हजार? आम्ही वही उघडली. जाऊन-येऊन अंदाजे चार हजार किलोमीटर. आमच्यातल्या एकीचा मुलगा एसटीत चालक आहे. तो म्हणाला, मोठी बस लिटरला चार किलोमीटर धरा. म्हणजे हजार लिटर. डिझेल लिटरमागे एक रुपयाने वाढलं, तर बसला हजार रुपये, आणि चाळीस जणींत वाटले तर माणशी पंचवीस. दीड हजार वाढायला डिझेल साठ रुपयांनी वाढायला हवं होतं!

हा हिशोब घेऊन आम्ही पाच जणी बसवाल्याकडे गेलो. त्याने कागद काढला. डिझेल होतंच, पण त्याने तीन दिवसही वाढवले होते. प्रत्येक दिवसाचं गाडीभाडं, चालक-क्लीनरचा भत्ता, आणि नेपाळात गाडीवरचा जकात-कर, ज्याला तिकडे भन्सार म्हणतात, तोही दिवसावर. शंभर वर्षांपूर्वीसारखाच आजही खरा खर्च दिवसांचा. आम्ही ते तीन दिवस काढायला लावले. माणशी पाचशेवर आलं.

बाकी बैठकीत असं ठरलं. सहलीसाठी गटाचं कर्ज नाही, ते बियाण्याला आणि दवाखान्याला. सहलीचा डबा वेगळा. निघायचं दिवाळीऐवजी चैत्रात, म्हणजे ज्वारी-हरभऱ्याचे पैसे हाती असतील. दोन दिवसांचा खर्च राखीव ठेवायचा, त्याला खरेदीसाठी हात लावायचा नाही, कारण नाकं कधी अडेल ते आपल्या हातात नाही. आपल्या शंभर रुपयांचे नेपाळी एकशे साठ होतात, हा भाव १९९३ पासून तसाच आहे. बदलून देताना कुणी कमी दिले तर विचारायचं.

नावं खोडा म्हणणाऱ्या तिघींपैकी दोघी परत आल्या. तिसरीचा निर्णय अजून व्हायचाय, तिची जागा आम्ही धरून ठेवलीय.

आणि एक. सीमेवर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. कार्डं तपासली, तर आजीच्याच कार्डावर नाव चुकलेलं निघालं. दुरुस्तीचा आठ नंबरचा अर्ज सोमवारी भरतोय. तुम्हीही कुठे निघणार असाल, तर आधी आपापलं कार्ड काढून बघा.