उष्टावण झालं, पुढे काय? जामखेडच्या स्वयंपाकघराची गोष्ट

परवा एका नातेवाइकांकडे उष्टावणाला गेलो होतो. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीच्या वाटीत खीर, फोटो, सगळं रीतसर झालं. जेवणं उरकल्यावर बाळाची आई हळूच म्हणाली, "काका, आजचं झालं. उद्यापासून रोज काय देऊ? सासूबाई म्हणतात डाळीचं पाणी, मैत्रीण म्हणते सरळ डबा आण." मला जामखेड आठवलं. तिला अर्धीच गोष्ट सांगता आली, उरलेली इथे लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं जामखेडला आलं. दोघं वेल्लोरला शिकलेले. आधी नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परत आले. मोठ्या शहरात बस्तान बसवता आलं असतं, पण आले आपल्या दुष्काळी तालुक्यात. त्या वेळी इथल्या गावांत जन्मलेल्या हजार बाळांपैकी 176 बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. हा त्यांच्याच प्रकल्पाच्या नोंदींतला आकडा.

डॉक्टर आले म्हटल्यावर लोक दवाखाना मागतील असं कुणालाही वाटेल. लोकांनी मागितलं पाणी आणि अन्न. आणि लगेच पाठोपाठ 1972 चा दुष्काळ. मग गावोगावी लहान मुलांसाठी स्वयंपाकघरं सुरू झाली. सुरुवातीला मदतीचं अन्न बाहेरून आलं, पण रांधायचं आणि वाढायचं काम गावाचंच. पुढे काही शेतकऱ्यांनी या मुलांसाठी धान्य पिकवायला जमीन दिली. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसली. सत्तरच्या दशकातलं गाव डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ही किती अवघड गोष्ट होती ते कळेल. माझ्या मते जामखेडचा खरा पराक्रम हाच, पुरस्कार नंतरचे. (1979 ला दोघांना मॅगसेसे मिळाला.)

पण नुसतं अन्न आलं म्हणून पोरं जगली नाहीत. अडचण डोक्यातही होती. बाळंतिणीचं पहिलं चिकाचं दूध "बाधतं" म्हणून पिळून टाकायचे. वर्ष उलटलं तरी बाळाला घासभर अन्न नाही, कारण "पचणार नाही". हगवण लागली की दूधपाणी सगळं बंद, म्हणजे आधीच सुकलेलं पोर आणखी सुकायचं. हे डॉक्टरने सांगून कोण ऐकतं? म्हणून आरोळ्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकजणी दलित वस्तीतल्या. त्या मुलांची वजनं करायला शिकल्या, मीठ-साखरेचं पाणी करायला शिकल्या आणि शेजारणीच्या चुलीपाशी बसून सांगू लागल्या, की तुझ्याच टोपल्यातली भाकरी डाळीत कुस्करून मऊ कर आणि भरव. डॉक्टरचा कोट जिथे पोचत नाही तिथे शेजारीण पोचते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तो 176 चा आकडा कितीतरी पटींनी खाली आला. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा कामांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण आहे.

आता सासूबाईंच्या डाळीच्या पाण्याबद्दल. बाळाचं पोट त्याच्या मुठीएवढं. ते पाण्याने भरलं तर डाळ जाणार कुठे? पाणी नको, डाळच घोटून द्या, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट, वर थेंबभर तूप. आपल्या अकोल्याकडची नाचणी मोड आणून, वाळवून, दळून ठेवायची पद्धत फार शहाणपणाची आहे. मोड आल्यावर पीठ शिजवताना कमी फुगतं, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ बसतं. सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर हे, आणि दूध दोन वर्षं चालूच.

डब्याला माझा आंधळा विरोध नाही. नोकरी करणाऱ्या आईला तो कामी येतो. पण मागची बारीक अक्षरं वाचा. एप्रिल 2024 मध्ये स्वित्झर्लंडच्या पब्लिक आय या संस्थेने दाखवलं, की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी 2.7 ग्रॅम वरची साखर होती, आणि त्याच कंपनीच्या युरोपातल्या तशाच मालात ती नव्हती. कंपनीचं म्हणणं, आम्ही भारतातले नियम पाळतो आणि साखर कमी करत आलोय. असेल. पण मग नियमच तसे का, हे कुणी विचारायचं?

सरकारी वाटीचं काय झालं तेही बघू. बहात्तरच्या दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी आमच्या आईच्या पिढीला अजून आठवते. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना आली, आपल्या राज्यात मेळघाटातल्या धारणीपासून. अंगणवाडीतला आहार गावातल्या बायकांनी करावा, ठेकेदार नको, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच बजावलं होतं. तरी राज्यात टेंडरं मोठ्यांच्याच घशात जात राहिली. शेवटी 26 फेब्रुवारी 2019 ला न्यायालयाने महाराष्ट्राची सुमारे 6,300 कोटींची टेंडरं रद्द केली. खटला एका महिला बचत गटाच्या नावाने आहे, हे विशेष. मधल्या काळात घरी नेलेल्या आहाराची पाकिटं मी गोठ्यात फोडलेली पाहिली आहेत. पोर तोंड लावत नाही, मग म्हैस खाते.

आणि दिवाळीनंतर जामखेड-पाथर्डीतून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्यांवर सहा-आठ महिन्यांची बाळं असतात. त्यांची अंगणवाडी गावात राहते. फडावर पहाटे पाचला कोयता सुरू, डाळ घोटायला वेळ कुणाला? बाळाच्या हातात चहात बुडवलेलं बिस्किट येतं. पाच रुपयांचा पुडा, तोही दोन भावंडांत.

जामखेड, कर्जत, आष्टी भागात ज्यांच्या आईने किंवा आजीने त्या वेळच्या मुलांच्या स्वयंपाकघरात काम केलं असेल, त्यांनी खाली जरूर लिहा. त्या वाटीत नेमकं काय शिजायचं, ते त्या बायकांच्या तोंडून ऐकायचंय. त्यातल्या आता फार थोड्या उरल्या आहेत.