गोड बोल आणि गहाणखत

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे वहीचीही पूजा होते. हळदकुंकू वाहून पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ ही अक्षरे काढतात. लाभ नेमका कोणाचा, हे त्या पानावर लिहिलेले नसते. ते पुढच्या पानांवरून कळते. याच दिवसांत विरारच्या गाडीत आणि स्टेशनाबाहेर घराच्या कर्जाच्या जाहिरातींना बहर येतो. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली आणि पुढे मुंबईचा बिऱ्हाडकरू घराच्या शोधात याच वाटेने आला. शेजारचे आगाशी हे केळीच्या नि पानवेलीच्या वाड्यांचे गाव. आता त्या परिसरातही इमारती चढू लागल्या आहेत. ‘घरभाड्याच्या पैशात स्वतःचे घर’ हे बोल कानाला गोड लागतात. पण या गोड बोलांचा इतिहास जुना आहे, आणि तो पाहायचा तर घाट चढून देशावर गेले पाहिजे.

१८५५ साली सरकारने व्याजावरील कायद्याची मर्यादा उठविली. १८५९ साली मुदतीचा कायदा आला आणि साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्यास तीनच वर्षे उरली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. फळ उलटे आले. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा करून घेई आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसे. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक मागू नये, असा आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता. तो मोडला नाही. कागद बदलताच निकामी मात्र झाला.

याहून घातक प्रकार शर्तीच्या खरेदीचा. कुळाला पैसे हवे असत. सावकार म्हणे, “कागद नुसता नावाला खरेदीचा. पैसे आणून दे, तुझी जमीन तुला परत.” कुळ अंगठा उठवी. पुढे कज्जा झाला म्हणजे कोर्ट कागद पाही. तोंडी बोलण्याने लेखी करार फिरत नाही, असे १८७२ चा पुराव्याचा कायदा सांगे. म्हणजे ज्या बोलांवर विसंबून कुळाने व्यवहार केला, त्यांनाच कायद्याच्या दारात किंमत नव्हती.

मग कुळांनी काय केले? १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची जमीन कोणी कसेना, हजामत कोणी करीना, पाणी कोणी भरीना. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी भर बाजाराच्या दिवशी दंगा उसळला आणि पुणे-नगर भागात पसरला. या दंग्यांतली एक गोष्ट विसरण्यासारखी नाही. लोकांचा रोख बहुतेक ठिकाणी सावकाराच्या जिवावर नव्हता. तो रोख्यांवर आणि वह्यांवर होता. कागद हाती आले की ते जाळून बहुधा जमाव पांगे. निरक्षर कुणब्याने आपला शत्रू नेमका ओळखला होता: स्वतःला वाचता न येणारा कागद.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली ‘दख्खन शेतकरी साह्य कायदा’ झाला. त्याने सावकारी बंद केली नाही. कोर्टाने व्यवहाराचा इतिहास अगदी आरंभापासून तपासावा, सावकाराने पावती द्यावी, हिशेब द्यावा, आणि दस्तऐवज ग्राम-निबंधकासमोर लिहिला जावा, अशी त्याने व्यवस्था केली. आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांपुरता असलेला हा कायदा १९०५ साली बऱ्याच अंशी इलाख्याच्या इतर जिल्ह्यांनाही लागू झाला, आणि त्यांत आगाशी ज्यात होती तो ठाणे जिल्हा आला. पुढे, कागदावर खरेदी असली तरी मुळात गहाण होते का, हे पाहण्याची मुभाही कोर्टाला मिळाली. गोड बोलांना अखेर साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले!

आज अंगठ्याच्या जागी सही आली; बोल मात्र तेच आहेत. जाहिरातीत व्याजाचा दर ठळक असतो आणि त्यापुढचा ‘पासून’ हा शब्द बारीक. ‘लाखाला दरमहा अवघे ८६८ रुपये’ हा साडेआठ टक्क्यांचा हप्ता हलका वाटतो. वीस वर्षांचा गुणाकार केला तर लाखाचे दोन लाख आठ हजार होतात. तोही दर स्थिर राहिला तर! मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. पुष्कळ कर्जदारांचा हप्ता तेवढाच राहिला, मुदत मात्र वर्षानुवर्षे लांबली. जुन्या रोख्याचा नवा रोखा व्हावा, तसेच हे झाले. फरक इतकाच, की या खेपेला अंगठासुद्धा लागला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले, की दर चढला तर कर्जदाराला कळवा आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्यालाच ठरवू द्या.

१ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना आणखी एक नियम लागू आहे. कर्ज देणाऱ्याने ‘मुख्य तथ्य विवरण’ नावाचा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत दिला पाहिजे आणि समजावून सांगितला पाहिजे. सर्व आकार धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, तो त्यात लिहिलेला असतो. त्यात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही. विचार करण्यास निदान तीन कामाचे दिवस मिळतात. १८७९ च्या कायद्याने ग्राम-निबंधकाकडे सोपविलेले काम दीडशे वर्षांनी पुन्हा नव्या नावाने आले, असेच म्हणावयाचे.

मात्र कायदा कागद हातात देतो. तो वाचण्याचे काम आपले. सुप्याच्या कुणब्याला वाचता येत नव्हते, म्हणून त्याने कागद जाळला. आपल्याला वाचता येते. तेव्हा दिवाळीत कोणी नव्या घराचे कर्ज काढणार असेल, तर जाहिरात बाजूला ठेवावी, ते विवरण मराठीत मागून घ्यावे, आणि फराळाला घर जमले असता शिकलेल्या मुलीकडून किंवा सुनेकडून ते मोठ्याने वाचून घ्यावे. तीन दिवस त्याला पुष्कळ झाले. सही त्यानंतर करावी.