भागवत मेळा : नृसिंहाच्या प्रवेशातील नटांची सुरक्षितता

भागवत मेळा म्हणजे तंजावर जिल्ह्यातील मेलट्टूर, सालियमंगलम आदी गावांत नृसिंह जयंतीच्या सुमारास रात्रभर होणारी तेलुगू नाटके. मेलट्टूर हे तंजावरचा राजा अच्युतप्पा नायक याच्या काळातील अग्रहार, म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेले गाव. मराठा राजवटीतही (१६७६–१८५५) ही परंपरा टिकली. भूमिका पुरुषच करतात. पोट नोकरी-व्यवसायावर आणि नाटक देवासाठी, अशा नटांची ही गावकीची रंगभूमी आहे. तंजावरचा मराठा राजा शाहराजा (कार. १६८४–१७१२) याच्या मराठी नाटकांमुळे मराठी अभ्यासक तंजावरकडे वळले, पण त्यांचे लक्ष संहितांवर राहिले, प्रयोगात नटाला सांभाळले कसे जाते, हा प्रश्न मागे पडला.

मेलट्टूरचे नाटककार वेंकटराम शास्त्री यांच्या ‘प्रह्लादचरित्रमु’ या नाटकातील नृसिंहाचा प्रवेश त्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. नृसिंहाचा मुखवटा एरवी मंदिरात पुजला जातो. तो घालणारा नट उपवास करतो आणि मुखवटा चढल्यावर त्याच्यात संचार होतो, अशी श्रद्धा आहे. हिरण्यकशिपूवर तो झेपावू लागला की माणसे त्याला मागून घट्ट धरून ठेवतात. दोघांत अंतर राखले जाते, पोट फाडण्याचे दृश्य दाखवत नाहीत. हे धरणे निव्वळ भक्तिविधी नसून सुरक्षेची व्यवस्थाही आहे, असे मानण्यास आधार आहे. संचार खरा मानला, तर समोरच्या नटाला असलेला धोकाही खरा ठरतो. न मानला, तरी जड मुखवट्याने नजर अडलेल्या, उपाशी, आवेशात धावणाऱ्या माणसाला आवरणारे हात लागतातच.

भक्तीच्या आचारावर आजची सुरक्षेची कल्पना लादली जाते, हा आक्षेप मात्र टिकत नाही. ही चिंता आजची नव्हे. नाट्यशास्त्राचा आहार्याभिनयाचा, म्हणजे वेशभूषा व रंगसाहित्याचा, अध्याय रंगमंचावरील शस्त्रे हलक्या साहित्याची करायला सांगतो, प्रत्यक्ष प्रहाराऐवजी खुणेने काम भागवायला सांगतो आणि जड अलंकारांनी नट थकतो, असा इशाराही देतो. मेलट्टूरच्या नटांनी हे त्या ग्रंथातूनच घेतले, असे म्हणता येणार नाही. पण नटाच्या देहाची काळजी भारतीय रंगविचाराला परकी नव्हती, एवढे यावरून नक्की होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : उपवास, जागरण आणि मे महिन्यातील उकाडा यांनी विधीच नटावरचा ताण वाढवतो. तो मान्य करावा लागतो. धरणारे हात झेप आवरतात, भोवळ टाळू शकत नाहीत. त्यासाठी मुखवटा उतरताच हवा, पाणी आणि विश्रांती मिळणे गरजेचे आहे, आणि त्याने विधीला बाध येत नाही.



प्रयोगाच्या वर्णनांत नृसिंहाला धरणाऱ्यांची नोंद सहायक म्हणून ओझरती न होता नटांच्या बरोबरीने व्हायला हवी.