बखिताची शांती

आजची गोष्ट आफ्रिकेतल्या सुदानची. तिथं 1869 च्या सुमारास जन्मलेल्या एका मुलीला गुलामांच्या व्यापाऱ्यांनी लहानपणीच पळवलं. भीतीनं ती स्वतःचं नाव विसरली. त्यांनीच तिला बखिता म्हटलं. अरबीत बखिता म्हणजे भाग्यवान! पुढे ती पुन्हा पुन्हा विकली गेली. एका मालकिणीनं तिच्या अंगावर नक्षी कोरवून जखमांत मीठ चोळायला लावलं.

शेवटी ती इटलीत आली, एका घरी मूल सांभाळायला. मालकीण परदेशी गेली तेव्हा दोघींना व्हेनिसला कनोसियन सिस्टरांकडे ठेवलं. मुंबईत कनोसा शाळा आहेत ना, त्याच संघाच्या या सिस्टर. लहानपणी चंद्रतारे बघून बखिताला वाटायचं, यांचा धनी कोण? तो तिला इथं भेटला. मालकीण न्यायला आली, तर ही म्हणाली, येणार नाही. प्रकरण कोर्टात गेलं. 29 नोव्हेंबर 1889 ला निकाल लागला: बखिता स्वतंत्र आहे. जानेवारीत तिनं बाप्तिस्मा घेतला.

सोसत राहिलं की शांती मिळते, असं आपल्याला सांगतात. बखितानं आधी 'नाही' म्हटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुढे सिस्टर होऊन तिनं स्कियो गावच्या मठात रांधलं, शिवलं, दार सांभाळलं. पळवणारे भेटले तर त्यांचे हात चुंबीन, म्हणायची. मला नाही जमणार!

8 फेब्रुवारी 1947 ला ती वारली. शेवटच्या दुखण्यात मात्र नर्सला विनवत होती, साखळ्या सैल करा, जड झाल्यात.