बुटात लपविलेली रोजनिशी

आपल्या सातारा-रत्नागिरीकडील काही गावांत एक दगडी फलक आढळतो. या गावातून इतकी माणसे १९१४ च्या महायुद्धास गेली व त्यांपैकी इतकी कामास आली, एवढाच त्यावरील मजकूर. आकडा आहे, नाव नाही. हजेरीपटावर नावे लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले, अशा माझ्यासारख्या शिक्षकास ही उणीव फार खटकते. या विचारात असतानाच एका दुर्मिळ बंगाली पुस्तकाविषयी वाचनात आले. मला बंगाली अवगत नाही. परंतु इंग्रजीत उतरलेल्या भागांवरून जे समजले, ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

पुस्तकाचे नाव 'अभि ले बगदाद'. कर्ते शिशिरप्रसाद सर्वाधिकारी. १९१५ साली जखमींची शुश्रूषा करणाऱ्या बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमध्ये स्वयंसेवक होऊन ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले. बगदाद घेण्यास निघालेली जनरल टाऊनशेंडची फौज नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर मागे हटली आणि कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली. वेढा सुमारे पाच महिने चालला. अन्न संपत आले, घोड्यांचे मांस खाण्याची पाळी आली आणि धर्मभावनेमुळे कित्येक हिंदी शिपायांनी तेही दीर्घकाळ नाकारले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या हाती कैद झाली. सेनापती इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखात राहिले. शिपायांच्या वाट्याला मात्र उपासमार, वाळवंटातील पायपीट आणि बगदाद रेल्वेवरील मजुरी आली. हजारो तेथेच मृत्यू पावले.

त्या दिवसांत सर्वाधिकारी यांनी रोजनिशी कशी राखली, हे ऐकण्यासारखे आहे. शरणागतीनंतर त्यांनी पाने फाडली व तुकडे बुटांत दडविले. बगदादेस पोहोचल्यावर त्या तुकड्यांवरून नवी वही लिहिली. पुढे तैग्रिस नदी पायी ओलांडताना तीही भिजली. परंतु मजकूर कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेला असल्यामुळे पुरता पुसला गेला नाही. वही वाळवून पुढील लेखन चालू राहिले. रास-अल-ऐन येथे ती काही दिवस जमिनीत पुरून ठेवावी लागली. शेवटी अलेप्पोच्या इस्पितळात काम करीत असता त्यांनी ती पूर्ण केली.

या वहीत केवळ स्वतःच्या हालांचे रडगाणे नाही. अर्मेनियन लोकांवर त्या काळी कोसळलेल्या संहाराची साक्ष तीत आहे. इस्पितळातील तुर्क रुग्णांशी घरादाराविषयी, सुखदुःखाविषयी झालेल्या गप्पाही आहेत. शत्रूलाही घर असते, हे त्या तरुणाने कैदेत राहून ओळखले व लिहून ठेवले.

सुमारे चाळीस वर्षांनी, १९५७ च्या सुमारास, हे पुस्तक कलकत्त्यास छापले गेले आणि लवकरच विस्मृतीत गेले. त्याच्या प्रती आज क्वचितच मिळतात. २०१२ साली कादंबरीकार अमिताव घोष यांनी त्याविषयी लिहिले, तेव्हा पुष्कळांस त्याचे नाव प्रथम कळले. याच मोहिमेतील डॉक्टर कल्याणकुमार मुखर्जी कैदेतच वारले. त्यांची पत्रे जपून त्यांच्या वृद्ध आजीने, मोक्षदादेवी यांनी, १९२८ साली 'कल्याण-प्रदीप' हे चरित्र सिद्ध केले.

या कथेचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. कुतच्या वेढ्यात १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. ११७ व्या पलटणीस पुढे 'रॉयल' हा किताबही मिळाला. म्हणजे त्याच वाळवंटातून आपल्याकडचे शेतकऱ्यांचे मुलगेही चालले. त्यांतील बहुतेकांस लिहिता येत नव्हते. ज्याला येत होते त्याने लिहिले, म्हणून तो उरला. बाकीचे फलकावरील आकड्यात मिळाले.

तरी सर्वच गेले असेल असे नाही. एखाद्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचे डिस्चार्जचे कागद, बिल्ला किंवा दुसऱ्याकडून लिहवून घेतलेले एखादे पोस्टकार्ड अजून पडलेले असेल. घर झाडताना ते रद्दीत टाकू नये, ही नम्र विनंती. घरातील वडीलधाऱ्यांस विचारून कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीने नाव, गाव व नाते लिहून ठेवावे. बुटात दडविलेल्या चिटोऱ्यांतून जर एक ग्रंथ उभा राहिला, तर ट्रंकेतल्या कागदातून निदान एक नाव तरी परत मिळेल.