गावात एक चक्कर

अंबडला राहणारे आम्ही लोक नाशिकमध्येच राहतो, तरी जुन्या भागात जायचं असलं की "गावात जाऊन येतो" असंच म्हणतो. इकडे एमआयडीसी, पलीकडे सिडकोच्या सहा योजना, सगळं कसं आखून दिलेलं. पत्ता म्हणजे प्लॉट नंबर. गावात मात्र पत्ता सांगायचा तर आधी चार पिढ्यांची ओळख सांगावी लागते.

तर परवा पुण्याहून भाचा आला. म्हणाला, "मामा, मला जुनं नाशिक चालत बघायचंय. प्रत्येक देवळात रांग लावायची नाही, नुसतं फिरायचं." रिटायर झालेल्या माणसाला आणखी काय हवं? मी लगेच तयार. सोबत कंपनीतला मित्रही आला. पस्तीस वर्षं एका शॉपमध्ये काढली आम्ही, रोज एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं, पण गावात एकत्र असे कधी फिरलोच नव्हतो.

निघायच्या आधी भाच्याला गच्चीवरून पांडवलेणी दाखवली. लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे, दहा नंबरच्या लेण्यात. नहपान क्षत्रपाचा हा जावई. त्याने भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवले. दोन हजारांवर महिना शेकडा एक व्याज, उरलेल्या हजारावर पाऊण. मुद्दल काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. "म्हणजे एफडीच की," मित्र म्हणाला. हे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचं. एमआयडीसी आत्ताची आहे, पण कारागिरांकडे पैसा ठेवायची इथली सवय जुनी.

आता एक कबुली. मी भाच्याला जी चक्कर घडवली ती माझी नव्हतीच, माझ्या आजोबांची होती. लहानपणी दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते माझं बोट धरून गाव दाखवायचे. कुठे थांबायचं, कुठे काय सांगायचं हे इतकं पाठ झालंय की मी आपोआप त्यांच्याच आवाजात बोलायला लागतो (बायको म्हणते त्यांच्यासारखा खाकरतोही).

बसने शालिमारला उतरलो आणि मेन रोडला लागलो. पहिली गोष्ट ट्रामची. हो, नाशिकला ट्राम होती! १८८९ मध्ये सुरू झाली, घोडे ओढायचे, मेन रोडच्या नगरपालिकेपासून थेट नाशिकरोड स्टेशनपर्यंत. १९३० नंतर थोड्याच वर्षांत ती बंद पडली. आजोबा तिच्यात बसलेले होते आणि घोड्यांच्या वासासकट वर्णन करायचे. भाच्याने फोनवर शोधून खात्री करून घेतली. हल्लीची मुलं मामावर विश्वास ठेवत नाहीत!

पुढचा थांबा विजयानंद. आजोबांचा सगळ्यात आवडता. २१ डिसेंबर १९०९ ची रात्र, कलेक्टर जॅक्सनची मुंबईला बदली झालेली, निरोपाचा प्रसंग, नाटक 'संगीत शारदा', किर्लोस्कर मंडळींचा प्रयोग आणि काम करायला खुद्द बालगंधर्व. जॅक्सन आत शिरले आणि अनंत कान्हेरे या जेमतेम अठराच्या पोराने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना जूनमध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची झाली होती, त्याचा हा सूड. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे तिघेही फाशी गेले. पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत गेला आणि विनायकराव सावरकरांना पकडण्याचं तेही एक कारण ठरलं. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, लोक त्यांना 'पंडित' म्हणत. त्यांनी गोळा केलेल्या लोककथा-लोकसमजुतींच्या नोंदी त्यांच्या मृत्यूनंतर छापल्या गेल्या. आजोबा हेसुद्धा सांगायचे, ते मला आवडायचं. समोरच्या माणसालाही माणूस म्हणून बघायचे.

तिथून तिळभांडेश्वर गल्ली, म्हणजे मित्रमेळ्याची आणि अभिनव भारतची जागा. मग सराफ बाजारातला सरकारवाडा, पेशव्यांचा. दुकानांच्या गर्दीत तो पटकन दिसतही नाही.

तिवंध्यावर मी भाच्याला रस्त्याच्या मधोमध उभं केलं. "खाली काय आहे सांग?" त्याला गटार वाटलं. गटार कसलं, रहाड! पेशवेकाळापासूनचा दगडी हौद, वर्षभर जमिनीखाली झाकलेला. रंगपंचमीला उघडतात, फुलं उकळून रंग करतात, पूजा होते आणि मग लोक धबाधबा उड्या मारतात. त्या उडीला 'धप्पा' म्हणायचं. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तिवंध्याचा पिवळा, पंचवटीत शनि चौकाचा गुलाबी. हा रंग अंगावरून लवकर जात नाही. एका वर्षी मी पिवळ्या कानांनी फर्स्ट शिफ्टला गेलो होतो. मित्राला ते लख्ख आठवत होतं, आणि त्याने ते भाच्याला सविस्तर सांगितलं.

गाव नऊ टेकांवर वसलंय, 'नाशिक नव टेकांवर वसविले' अशी म्हणच आहे. त्यातल्या जुन्या गढीवर सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं. वर मुसलमानी आणि मराठा काळातली वस्ती, खाली सातवाहन आणि सगळ्यात खाली ताम्रपाषाण काळातली भांडी. म्हणजे माणसं तीन हजार वर्षांच्या ढिगाऱ्यावर संसार करतायत. दर पावसाळ्यात गढीची माती ढासळते आणि कडेच्या घरांना हलण्याच्या नोटिसा येतात. तिथे तिघेही जरा गप्प झालो आणि चहा प्यायलो.

मग भांडी बाजारातून रामसेतूवरून पलीकडे. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. पूर आला की सगळं गाव दुतोंड्या मारुतीकडे बघतं. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी मोजणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये डोक्यावरून गेलं होतं. शेजारी नारोशंकराचं देऊळ, १७४७ चं, आणि तिथली ती प्रसिद्ध घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या लुटीतली पोर्तुगीजांची घंटा शंकरापुढे टांगली. मोठ्या आवाजाच्या बाईला आमच्याकडे 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. (आमच्या घरात हा मान कुणाला होता ते नातेवाइकांना माहीत आहे, इथे लिहीत नाही.)

रामकुंड, कपालेश्वर करत काळारामापाशी आलो. सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं, अठराव्या शतकाच्या शेवटी पूर्ण झालेलं, रामशेजचा काळा दगड, चार बाजूंना चार दरवाजे. मी आजोबांच्या चालीत हे सगळं म्हणून टाकलं आणि आत जायला वळलो. मित्र दरवाजाबाहेरच थांबला होता.

"माझे आजोबा इथं बसले होते," तो भाच्याला म्हणाला. "दिंडोरीकडून चालत आले होते. आजीने भाकरी बांधून दिलेली."

२ मार्च १९३०. काळाराम मंदिर सत्याग्रह. गांधीजी दांडीला निघाले त्याच्या दहा दिवस आधी. बाबासाहेब आंबेडकर स्वतः आले होते आणि काम दादासाहेब गायकवाडांच्या अंगावर. दादासाहेबही दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. सुमारे पंधरा हजारांची मिरवणूक देवळापर्यंत आली, दरवाजे बंद. मिरवणूक तशीच गंगेवर गेली, तिथे सभा झाली, आणि दुसऱ्या दिवशी सव्वाशे पुरुष आणि पंचवीस बायका चार दरवाजांवर जाऊन बसल्या. आतला राम बघू द्या, एवढंच मागणं. दार उघडायला नको म्हणून देऊळ सगळ्यांनाच बंद ठेवलं गेलं. ही लढाई एक-दोन महिन्यांची नव्हती, १९३४ पर्यंत चालली. मग बाबासाहेबांनीच दादासाहेबांना ती थांबवायला कळवलं आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला इथून जवळच येवल्याला जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही.

"पुढे दार उघडलं ना?" भाच्याने विचारलं.

"उघडलं. सत्तेचाळीस साली कायदाच झाला. पण आजोबा नाही गेले. छप्पन साली नागपूरला जाऊन आले, मग प्रश्नच उरला नाही. मी दोनदा गेलोय आत. मूर्ती छान आहे."

हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलं होतं. पण या दारापाशी मी शंभरदा तरी आलो असेन आणि आजोबांनी एकदाही हे सांगितलं नव्हतं. जॅक्सन सांगितला, ट्रामचे घोडे सांगितले, घंटा सांगितली. १९३० मध्ये ते एकोणीस वर्षांचे होते आणि पंचवटीत, या देवळापासून हाकेच्या अंतरावर राहत होते.

बाकीचं भाच्याला मित्रानेच सांगितलं. ९ एप्रिलला रामाचा रथ निघणार होता. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून ओढायचा असा समेट झाला होता. पण सवर्णांनी रथ झटक्यात ओढून दुसऱ्या गल्लीने पळवला. सत्याग्रही मागे धावले, दगडफेक झाली. कद्रेकर नावाचा तरुण पोलिसांचं कडं तोडून पुढे घुसला आणि रक्ताने माखून पडला. बाबासाहेबांनाही लागलं.

तेव्हा भाच्याने सरळ विचारलं, "मामा, मग पणजोबा त्या दिवशी कुठे होते?"

रथाच्या दोराला दरवर्षी हात लावायचा हा आजोबांचा नेम होता. मलाही खांद्यावर घेऊन जायचे, दोर हातात द्यायचे. जाड, खरखरीत दोर. मी काहीच बोललो नाही. मित्र दुसरीकडे बघत होता. मग म्हणाला, "चल, मिसळ खाऊ, पोराला भूक लागली असेल."

रात्री मोठ्या आत्याला फोन केला. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण जुनं सगळं आठवतं. विचारलं, आजोबा त्या वर्षीच्या रथाचं कधी काही बोलले होते का? ती बराच वेळ गप्प होती, मला वाटलं फोन कट झाला.

"एकदा रथ पळवला होता म्हणायचे," ती म्हणाली. "आमच्या लहानपणी सांगायचे. हसत सांगायचे. मोठेपणी आम्ही विचारलं तर विषय बदलायचे."

आत्या, तुझी नात तुला हे वाचून दाखवेल. रागावू नकोस. विचारल्याशिवाय लिहिलं, पण भाच्याला उत्तर द्यायचं होतं.

मित्राला अजून सांगितलेलं नाही. येत्या बुधवारी गंगेवरच्या बाजाराला बरोबर जायचं ठरलंय.