सुरतेचे फादर आंब्रोज आणि आपली प्रार्थना



सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ सालचा जानेवारी आठवतो. ६ तारखेला शिवाजी महाराज सुरतेवर आले आणि १० तारखेला परत फिरले. मोगलांचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला. वीरजी व्होरा, हाजी सय्यद बेग अशा धनाढ्य व्यापाऱ्यांचे वाडे लुटले गेले. इंग्रज आणि डच यांनी शस्त्रे सज्ज ठेवून आपापल्या वखारी राखल्या.

आणखी एक घर वाचले, पण ते शस्त्रांच्या धाकाने नव्हे. ते होते कापुचीन संघाचे फादर आंब्रोज यांचे. त्या काळी हिंदुस्थानात असलेला फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो की, हे पाद्री भले लोक आहेत, त्यांना त्रास देऊ नये, असे महाराजांनी सांगितले.

हे कापुचीन कोण? असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या परिवारातील ही शाखा. तिला पोपमहोदयांची मान्यता १५२८ मध्ये मिळाली. फ्रान्सिस हे कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचे पुत्र. सुरतेच्या माणसाला कापडाचा व्यापार समजावून सांगायला नको! वडील पैशांचा हिशोब मागू लागले, तेव्हा फ्रान्सिस यांनी बिशपांसमोर अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून परत केले. यापुढे स्वर्गीय पिता हाच आपला पिता, असे ते म्हणाले. देव पिता आहे हे एकदा मनापासून पटले, आणि त्यांची प्रार्थना बदलली. मागण्या कमी झाल्या, स्तुती वाढली. पिता एक, म्हणून महारोगीही भाऊ झाला.

आता आम्ही स्वतःकडे पाहतो. धर्मग्रामात घरोघरी प्रार्थनेला जाताना आम्हाला जाणवते की, देव आपल्याला जसा वाटतो तशीच प्रार्थना आपल्या ओठांवर येते. देव व्यापारी वाटला, तर आपण सौदा करतो: इतक्या जपमाळा म्हणतो, एवढे काम कर. देव फौजदार वाटला, तर भीतीने शब्द उरकतो. तो दूरचा राजा वाटला, तर मोठमोठी विशेषणे शोधतो. प्रभू येशूने मात्र शिष्यांना देवाला बाप म्हणायला शिकवले. मत्तयच्या सहाव्या अध्यायात ही प्रार्थना देण्याआधीच तो सांगतो की, तुमची गरज पित्याला आधीच ठाऊक आहे. मग प्रार्थना म्हणजे देवाला माहिती पुरवणे नव्हे. ते लेकराने बापाजवळ जाऊन बसणे आहे.

इथे एक सावधगिरी हवी. फादरांनी प्रार्थना केली म्हणून घर वाचले, असा हिशोब आपण मांडू नये. तसे केले तर पुन्हा सौदाच झाला. घर गमावलेल्यांनीही त्या दिवसांत देवाचा धावा केलाच असेल. शिवाय बर्निये आणखी एक घर वाचल्याचे सांगतो. ते डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे होते. तो हयातीत फार दानशूर होता, असे महाराजांना कळले होते. म्हणजे भलेपणा ही काही आपलीच मिरास नाही. पित्याचा सूर्य सर्वांवर उगवतो.

फादर आंब्रोज यांची खोलीतली प्रार्थना कोणी ऐकली नव्हती. शहराला दिसले ते त्यांचे वागणे. आपली प्रार्थनाही शेजाऱ्यांना ऐकू येत नाही, दिसते ते आपले वागणे. आपल्याविषयी कोणी चौकशी केली, तर ते काय सांगतील?

आज रात्री मागण्यांची यादी थोडी बाजूला ठेवू या. आधी फक्त 'बापा' म्हणू या आणि क्षणभर गप्प बसू या.

हे स्वर्गीय पित्या, तू जसा आहेस तसा आम्हाला उमगू दे, आणि आमच्या वागण्यातून तू शेजाऱ्यांना दिसू दे. आमेन.